तिकिटाची फोड (भाग ९) : न जळालेल्या इंधनाचे पैसे

तासातासाला भाडं कसं हलतं, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. इंधन शुल्कावरच्या मागच्या भागानंतर गेवराईहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जावंसं वाटत नाही.

गुरुजींनी चिकलठाण्याहून मुंबईचं तिकीट काढलं होतं. घरात आजारपण निघालं, तिकीट रद्द करावं लागलं. परत आले ते किरकोळ पैसे. ते लिहितात, "मूळ भाडं कापलं, ठीक. पण मी विमानात बसलोच नाही, तर माझ्या वाट्याचं इंधन जळलं कुठं? करांबरोबर तेही परत मिळायला नको का?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर त्यांच्या बाजूने जात नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे परताव्याचे सुधारित नियम १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाले. त्यांनुसार तिकीट रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे या दोन्ही रकमांपर्यंत कंपनीचा हात पोहोचू शकतो. सरकारी कर आणि विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क मात्र परत करावंच लागतं. सवलतीचं, 'परतावा नाही' असा शेरा असलेलं तिकीट असलं तरीही.

आकड्यात पाहू. समजा मूळ भाडं २,४०० रुपये, इंधन ३०० आणि रद्द करण्याचं शुल्क ३,०००. कंपनीला जास्तीत जास्त २,७०० कापता येतात. कर आणि विमानतळाचे पैसे प्रवाशाचे. ते ३०० रुपये तिकिटावर करांच्या शेजारी छापलेले असतात, म्हणून करासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते भाडंच आहे. जीएसटीसुद्धा मूळ भाडं आणि इंधन शुल्क या दोहोंवर लागतो. सरकार ज्याला भाडं धरतं, ते प्रवाशाला करांच्या रांगेत का दाखवायचं? माझा आक्षेप इथे आहे.

इंधन महाग होतं हे कुणी नाकारत नाही. आपल्याकडच्या विमान कंपन्यांच्या खर्चात ढोबळमानाने तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, इंधनाचा असतो. तेल कंपन्या दर महिन्याच्या एक तारखेला विमान इंधनाचा भाव बदलतात, वर राज्याचा व्हॅट असतो. महाराष्ट्राने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी भाव सलग चढले, तेव्हा ६ ऑक्टोबरपासून इंडिगोने इंधन शुल्क लावलं. तक्ता जाहीर होता : ५०० किलोमीटरपर्यंत ३०० रुपये, तिथून चढत ३,५०० किलोमीटरच्या पुढे १,०००. चिकलठाण्याहून मुंबई आणि हैदराबाद दोन्ही पहिल्याच टप्प्यात बसतात. भाव उतरल्यावर ४ जानेवारी २०२४ पासून ते शुल्क काढलंही. तक्ता उघड, काढलं तेही उघड. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण शुल्क निघालं म्हणून तिकीट ३०० रुपयांनी उतरलं का, हे प्रवाशाने कसं तपासायचं? मूळ भाडंच दिवसातून अनेकदा बदलतं. आजचं भाडं कालच्यापेक्षा ३०० ने चढलं, तर ते इंधनामुळे की गर्दीमुळे, हे तिकिटावरून कळायला मार्ग नाही.

आपली लालपरी याच्याशी ताडून पाहा. बीड आगारातून पुण्याची गाडी धरली, तर भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरलेलं असतं. दिवाळीत हंगामी वाढ झालीच, तर ती आधी जाहीर होते. डिझेल, चासी, टायर आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यांच्या सूत्रावर वाढीचा प्रस्ताव होतो आणि राज्य परिवहन प्राधिकरण तो मंजूर करतं. २५ जानेवारी २०२५ पासूनची १४.९५ टक्के वाढ अशीच झाली. ती अनेकांना जाचली, पण किती वाढलं आणि कशामुळे, हे कुणालाही विचारता आलं. मूळ भाडं स्थिर असेल, तिथेच वेगळ्या अधिभाराला अर्थ असतो. मूळच हलतं असेल, तर इंधनाचा वेगळा आकडा प्रवाशाला काहीच सांगत नाही.

उलट त्याचा गैरवापर सोपा होतो. मे २००८ मध्ये देशांतर्गत हवाई मालवाहतुकीवर किलोमागे ५ रुपये इंधन अधिभार आला. पुढे तो वाढत गेला आणि इंधन उतरलं तरी त्या प्रमाणात उतरेना. एक्स्प्रेस इंडस्ट्री कौन्सिल ऑफ इंडियाने तक्रार केली. जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांनी हे दर संगनमताने ठरवले, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये सुमारे २५८ कोटींचा दंड ठोठावला. अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण पुन्हा आयोगाकडे आलं. मार्च २०१८ मध्ये आयोगाने निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र सुमारे ५४ कोटींवर आणला. सगळ्यांच्या बिलावर एकच सुटा आकडा असला की तो मिळून हलवणं सोपं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे : इंधन भाड्यातच धरा आणि पहिल्या पडद्यावर तीच एक पूर्ण रक्कम दाखवा. युरोपीय संघात २००८च्या नियमाने, अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून जाहिरातीतही पूर्ण रक्कम दाखवणं बंधनकारक आहे.

गुरुजी, इंधनाचे ३०० सोडून द्या, पण कर आणि विमानतळ शुल्क ओळीओळीने जुळवून घ्या. तिकीट एजंटाकडून काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे आणि परतावा देण्यासाठी तिला वेगळं शुल्क घेता येत नाही. कमी पैसे आले असतील तर आधी कंपनीकडे लेखी मागा, नाही दिले तर 'एअरसेवा'वर तक्रार नोंदवा.

हलत्या भाड्याचा विषय पुढच्या आठवड्यात. त्यासाठी बीड-पुणे ट्रॅव्हल्सची दिवाळीतली तिकिटं कुणी जपून ठेवली असतील, तर पाठवा.