बीडच्या आकाशनिरीक्षकास सौर घडामोडींचे दैनिक आकडे कितपत उपयोगी?

सूर्यावरील डागांची संख्या, सौरवाताचा वेग आणि भूचुंबकीय क्षोभाचा निर्देशांक हे आकडे एके काळी केवळ वेधशाळांच्या दप्तरांत असत. आज ते कोणाही हौशी निरीक्षकास दररोज, किंबहुना तासातासाला, पाहावयास मिळतात. तथापि आकडा हाती येणे आणि त्याचा अर्थ आपल्या गावच्या आकाशास लावता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या प्रदेशांतील निरीक्षकांसाठी या आकड्यांना विशेष महत्त्व आहे ते प्रदेश बहुधा ५० ते ६५ अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. बीड १९ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. आष्टीच्या माळावर किंवा अंबाजोगाईच्या डोंगरकडेला दुर्बीण लावून बसणाऱ्याने त्यांतील काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

यांपैकी सर्वांत लोकप्रिय आकडा म्हणजे केपी निर्देशांक. जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञ युलियस बार्टेल्स यांनी १९४९ मध्ये तो रूढ केला. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग पाडून प्रत्येक भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती अस्वस्थ होते हे शून्य ते नऊ या श्रेणीत तो सांगतो. पाच किंवा त्याहून अधिक झाला की भूचुंबकीय वादळ आले असे मानतात. नऊ ही पराकाष्ठा. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हा निर्देशांक तेरा वेधशाळांच्या नोंदींवरून काढला जातो आणि त्यांतील एकही भारतात नाही. त्या बहुतांशी मध्यम व उच्च मध्यम अक्षांशांवरील आहेत. तेव्हा केपीचा आकडा 'जगाचा' म्हणून सांगितला जात असला तरी तो मूलतः ध्रुवप्रदेशांच्या उंबरठ्यावरील अस्वस्थतेचे माप आहे, आणि तेथील मनुष्यास आज रात्री ध्रुवप्रकाश दिसेल काय, याच प्रश्नाचे उत्तर तो बऱ्या प्रकारे देतो.

बीडमध्ये तो दिसेल काय? याचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. साध्या भूमितीने ते मिळते. ध्रुवप्रकाशातील जो तांबडा प्रकाश सर्वांत उंचावर उत्पन्न होतो, तो ढोबळ मानाने ४०० किलोमीटर उंचीवर असतो असे धरू. पृथ्वीच्या गोलाईमुळे इतक्या उंचीवरील प्रकाश सुमारे २० अंशांपलीकडून दिसू शकत नाही. म्हणजे बीडच्या उत्तर क्षितिजास तो नुसता टेकावयाचा झाला तरी त्याने ३९ अक्षांशापर्यंत खाली उतरले पाहिजे. बीडपासून सरळ उत्तरेस, जवळजवळ त्याच रेखांशावर, हिमालय आणि काराकोरम ओलांडून काशगर शहर लागते. त्याचा अक्षांश साडेएकोणचाळीस. काशगरच्या डोक्यावर आकाश तांबडे झाले, तर बीडकराच्या क्षितिजाशी त्याची कड येईल आणि तीही क्षितिजालगतच्या धुळीत विरून जाईल. शिवाय ध्रुवप्रकाश भौगोलिक अक्षांशांस नव्हे, चुंबकीय अक्षांशांस अनुसरतो, आणि भारताच्या रेखांशांवर चुंबकीय अक्षांश भौगोलिक अक्षांशाहून आठ-नऊ अंशांनी कमी भरतो. अमेरिकेत याच्या उलट स्थिती आहे. त्यामुळे तेथील अक्षांशांवरून केलेले अनुमान येथे लावणे सर्वस्वी चुकीचे होय.

मे २०२४ मधील वादळाने या हिशेबाची परीक्षाच झाली. १० मे रोजी केपी नऊवर पोहोचला. २००३ च्या ऑक्टोबरनंतर प्रथमच असे प्रखर वादळ आले होते. त्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातील तांबूस आभा टिपली. हानले जवळजवळ ३३ अक्षांशावर आणि सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. तेथील हवा कोरडी व विरळ. बीड तेथून चौदा अंश दक्षिणेस आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर उंच. हानलेची छायाचित्रे पाहून बालाघाटावर रात्र जागविण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या जागरणात उत्तरेकडे पाहत बसण्यापेक्षा दक्षिणेकडील नरतुरंग पाहणे अधिक फलदायी.

असे असले तरी या अक्षांशावर ध्रुवप्रकाश कधीच दिसला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात मुंबईतून ध्रुवप्रकाश दिसल्याचे वृत्त त्या वेळच्या वर्तमानपत्रात आले होते, आणि अभ्यासकांनी त्याची दखल घेतली आहे. मुंबई आणि बीड यांचे अक्षांश जवळजवळ एकच असल्याने ही नोंद बीडच्या निरीक्षकास अधिक जवळची वाटावी. दीडशे वर्षांत एखादा प्रसंग, हे त्याचे प्रमाण. ज्याला रोजच्या आकड्यावर रोजचा बेत आखावयाचा आहे त्याने एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मग सूर्यावरील घडामोडी बीडपर्यंत पोहोचतच नाहीत काय? पोहोचतात, आणि त्या मोजणारी सूची महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हलत आली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या तारखेस इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर प्रखर उजेडाचे ठिपके पाहिले आणि त्यानंतर सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर वादळ कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी कुलाब्याच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. स्वयंचलित यंत्र नव्हते; निरीक्षक सूचीचे स्थान डोळ्यांनी वाचून वहीत उतरवीत होता. या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा कुलाब्याकडे वळले. हा आकडा अल्पकाळाचा आहे. तासाची सरासरी घेतल्यास तो बराच लहान होतो, आणि त्यातील किती भाग पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तुलनेसाठी सांगावयाचे तर, अशा वादळांची जागतिक मोजणी ज्या डीएसटी निर्देशांकाने करतात तो मार्च १८८९ मध्ये नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनी, मार्च १९८९ मध्ये, उणे ५८९ पर्यंत गेला असता कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास बंद पडली. मे २०२४ मध्ये तो सुमारे उणे ४०० इतका होता. कुलाब्याचा तो क्षण भर दिवसाचा होता, हेही लक्षणीय आहे. डोक्यावर काही उजळले असते तरी उन्हात ते कोणास दिसले नसते. सूचीला मात्र रात्रीची गरज नव्हती.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी दूषित होतील, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबाग येथे नेण्यात आली. जुन्या व नव्या जागी दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेतल्याने मालिका तुटली नाही. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागचा अक्षांश १८.६ अंश असल्याने वादळाचा जो आलेख तेथे उमटतो तोच थोड्याफार फरकाने बीडचाही समजावा. शांत दिवशी हा घटक दुपारकडे काही दशक नॅनोटेस्लांनी चढतो आणि सायंकाळी उतरतो. ही सूर्याच्या उन्हाने आयनांबरात वाहणाऱ्या प्रवाहांची नित्याची भरती-ओहोटी. वादळाच्या वेळी प्रथम एक आकस्मिक उसळी, नंतर काही तास घसरण आणि मग दोन-चार दिवसांची संथ भरपाई असा क्रम दिसतो. बीडच्या जिज्ञासूने केपीपेक्षा डीएसटीचा आलेख पाहावा असे सुचवावेसे वाटते ते याच कारणासाठी. तो विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या वेधशाळांवरून काढतात आणि या अक्षांशाची भाषा बोलतो.

आयनांबरावर होणारा परिणामही येथे कमी नाही. सौरज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोहोचतात आणि सूर्य माथ्यावर असलेल्या प्रदेशात लघुलहरींवरील रेडिओ काही काळ मुका होतो. बीडसारख्या ठिकाणी सूर्य मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठीक डोक्यावर येत असल्याने, भारतीय दुपारी उसळलेली ज्वाला येथे पुरेपूर जाणवते. सूर्यास्तानंतरचा दुसरा प्रकार उष्ण कटिबंधाचाच विशेष आहे: आयनांबराच्या तळाकडून विरळ पोकळ्या फुग्यांप्रमाणे वर चढतात आणि उपग्रहांचे संदेश चमचमू लागतात, जसे वाऱ्यात तारे चमचमतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, विशेषतः सौरचक्राच्या भरात, हे अधिक घडते. यंत्राने दाखविलेले स्थान अशा रात्री काही मीटरांनी भरकटले तर दोष नेहमी यंत्राचाच असतो असे नाही.

परंतु दुर्बीण घेऊन बाहेर पडावे की न पडावे, हे यांपैकी एकही आकडा सांगत नाही. ते ठरविणारी हवा जमिनीपासून दहा-पंधरा किलोमीटरांच्या आतील आहे. बीड हा अवर्षणाचा जिल्हा. आष्टी-पाटोद्याचा भाग तर पर्जन्यछायेत. शेतकऱ्यास जे निरभ्र आकाश काळजीचे, तेच निरीक्षकास पर्वणीचे, हा विरोध येथे टाळता येत नाही. तरीही जून ते सप्टेंबर हा काळ बहुतांशी हातचा जातो आणि ऑगस्टमधील ययातीचा उल्कावर्षाव बहुधा ढगांना अर्पण होतो. अगस्त्य पहाटे दक्षिणेस उगवू लागला की पाणी निवळते ही जुनी समजूत निरीक्षकासही सोयीची आहे, कारण त्यानंतर हळूहळू आकाशही निवळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतील उल्कावर्षावाचा उगमबिंदू मध्यरात्रीनंतर जवळजवळ माथ्यावर येतो. एवढी अनुकूलता युरोपच्या बऱ्याच भागांस लाभत नाही. जिल्ह्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे नेमकी याच महिन्यांत परजिल्ह्यांतील फडांवर, पालांत राहत असतात. वर्षातील सर्वोत्तम आकाश त्यांच्याच डोक्यावर असते आणि ते पाहण्यास पहाटे उठावे लागत नाही, कारण ती आधीच उठलेली असतात.

हिवाळ्यातही माजलगाव जलाशयाच्या परिसरात पहाटेचे धुके आणि पाचट जाळल्याचा धूर आड येतो. मार्चनंतर धूळ वाढते. ती किती वाढली हे यंत्रावाचून ओळखता येते. पुष्य नक्षत्रातील तारकापुंज साध्या डोळ्यांस धुरकट ठिपक्यासारखा दिसला तर हवा स्वच्छ समजावी. दक्षिणेकडे त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा बीडहून क्षितिजापासून जेमतेम आठ अंश वर येतो. मेच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास. तेवढ्या खाली त्याचा प्रकाश माथ्यावरील ताऱ्याच्या सुमारे सातपट हवेतून येतो. वस्तुतः तो पहिल्या प्रतीचा ठळक तारा आहे. तो मंद व पिवळसर दिसला तर फिक्या नीहारिकांचा नाद त्या रात्रीपुरता सोडावा आणि ग्रह किंवा जोडतारे पाहावेत. ग्रहांस पारदर्शक हवेपेक्षा स्थिर हवा लागते आणि धुळकट, निवाऱ्याच्या रात्री ती पुष्कळदा मिळते.

चंद्राचा हिशेब पंचांगात आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. दिव्यांचा हिशेब मात्र ज्याने त्याने केला पाहिजे. परळीचे औष्णिक विद्युत्‌केंद्र आणि बीड शहर यांची उजळ छटा दूरवरून दिसते, डोंगरमाथ्यावरील पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात. जागा निवडताना दक्षिण क्षितिज मोकळे व अंधारे आहे ना, हे पाहावे. उत्तरेकडे थोडा उजेड असल्यास फारसे बिघडत नाही.

सौर आकड्यांशी स्वतःचे नाते जोडण्याचा एक मार्ग हौशी निरीक्षकास पूर्णपणे मोकळा आहे, तो म्हणजे डागांची मोजणी. त्यासाठी सूर्याकडे दुर्बिणीतून कदापि पाहू नये. क्षणार्धात दृष्टी जाते आणि ती परत येत नाही. दुर्बिणीच्या मागे पांढरा पुठ्ठा धरून त्यावर बिंब पाडावे, शोधक दुर्बिणीचे तोंड झाकावे, आणि मुलांना एकटे त्या यंत्राजवळ सोडू नये. सकाळी आठ-नऊचा समय उत्तम. नंतर काळी जमीन व खडक तापून बिंब थरथरू लागते. डागांच्या समूहांच्या संख्येस दहाने गुणून तीत सुट्या डागांची संख्या मिळवावी. झ्यूरिखच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी १८४८ मध्ये घालून दिलेली ही रीत आजही मूलतः तीच आहे. मे २०२४ चे वादळ ज्या समूहातून उठले तो पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरा पट पसरलेला होता आणि लहानशा दुर्बिणीच्या पुठ्ठ्यावरही सहज उमटण्याजोगा होता.

एखादा समूह पूर्वेच्या कडेवर प्रगटला की तो मध्यावर येण्यास सहा-सात दिवस लागतात. मध्यावर असताना त्याच्यातून द्रव्याचा झोत सुटला तर तो बहुधा एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी येतो. त्या तारखा वहीत मांडून शेजारी डीएसटीचा त्या दिवसाचा आकडा लिहीत जावे. तो समूह टिकून राहिला तर सुमारे सत्तावीस दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतो, म्हणून ओळींची आखणी महिन्याच्या तारखांनुसार न करता सत्तावीस-सत्तावीस दिवसांची करावी. बीडचा स्थानिक मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेनुसार सरासरी बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी येतो. वेळ लिहिताना प्रमाणवेळच लिहावी आणि ढगांमुळे वेध न मिळालेला दिवस कोरा ठेवावा, शून्य लिहू नये.