विडी कामगारांची पगारी रजा

किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा हे शब्द शाळांत आणि कचेऱ्यांत इतके रुळले आहेत, की त्यांच्या मागे मालकावर टाकलेली एक आर्थिक जबाबदारी आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षभर केलेल्या कामाच्या मोबदल्याचा एक भाग मालकाकडे राहतो आणि रजेच्या दिवशी तो पगार म्हणून हाती येतो, एवढाच अर्थशास्त्राच्या दृष्टीने पगारी रजेचा अर्थ. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याच्यापुरता हा हिशेब सरळ आहे. परंतु भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, करडीसारख्या धानपट्ट्यातील गावी, ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या बाईचा हजेरीपट कोणी ठेवायचा? पत्ता, तंबाखू आणि सूत ठेकेदाराने द्यायचे, विड्या वळून तिने परत करायच्या, हजारी दराने मजुरी घ्यायची. तिला मालक आहे की नाही, याच प्रश्नावर देशातील न्यायालयांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत.

या वादाचा आरंभ विदर्भातच झाला असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि तेवढे दिवस ते कामावर आले नाहीत. त्या दिवसांचे पैसे देण्यास मालकाने नकार दिला. माणसे मनास येईल तेव्हा येतात, मनास येईल तेव्हा जातात, त्यांना कामगार म्हणताच येत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६० च्या डिसेंबरात न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. काम कारखान्यातच करावे लागते, हजेरी लिहिली जाते, दुपारनंतर आलेल्यास काम मिळत नाही आणि पसंत न पडलेली विडी नाकारण्याचा हक्क मालकाला आहे. एवढे नियंत्रण कामगार ठरण्यास पुरेसे मानले गेले. तथापि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील दुसऱ्या एका विडी कामगाराच्या रजेचा दावा त्याच न्यायालयाने बहुमताने फेटाळला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्यास आपले वेगळे मत जोडले. धंदा एक, काम एक, आणि एकाला रजेचा पगार, दुसऱ्याला नाही! जिथे कारखान्यात बसून विडी वळणाऱ्याची ही गत, तिथे घरी बसून वळणारीचा विचारच नको.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही कोंडी फोडली. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेला माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्या व्यक्तीसही त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत कामगार मानले. मागील वर्षी केलेल्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा त्याने देऊ केली आणि रजेच्या दिवसाचा पगार आदल्या महिन्यातील सरासरी कमाईवरून काढण्याची पद्धतही घालून दिली. हजारी दराच्या मजुरीला दिवसाच्या मापाने मोजण्याची ही युक्ती साधी, पण महत्त्वाची होती. कारखानदारांनी कायद्यास आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. भविष्यनिर्वाह निधीच्या संदर्भात १९८५ साली घरी विडी वळणाऱ्यांचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा माल नापास करण्याच्या हक्कातच देखरेख सामावलेली आहे, असे न्यायालयाने मानले. नापास विड्यांनी जिची मजुरी कापली जाते, तिच्या दृष्टीने हा मोठाच न्याय होता. ज्या अधिकाराने तिचे नुकसान होते, तोच तिच्या मालकाची ओळख पटवतो!

आता हा १९६६ चा कायदा इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीच्या संहितेने त्याची जागा घेतली. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण संहितेत कायम आहे. कारखान्यांसाठी पूर्वी २४० दिवस कामाची जी अट होती ती १८० दिवसांवर आणली, याचे स्वागतही झाले. कारखान्याच्या कामगाराला ही सवलतच आहे. विडी कामगारांच्या कायद्यात मात्र किमान दिवसांची अशी अटच नव्हती. त्यांच्यापुरता हा नवा उंबरठा आहे.

त्याचा परिणाम एका साध्या हिशेबाने दिसेल. समजा, ठेकेदार एखाद्या बाईला आठवड्यातून चार दिवस पुरेल एवढाच माल देतो. वर्षाचे २०८ दिवस झाले. त्यातून धानाची रोवणी आणि कापणी यांचे मिळून आठ आठवडे वजा करा, उरले १७६. जुन्या कायद्याने तिला किमान आठ दिवसांची पगारी रजा मिळाली असती. नव्या संहितेने ती चार दिवसांनी हुकते आणि तिच्या पदरी काहीही पडत नाही. आठवड्यात किती दिवस माल द्यायचा हे ती ठरवीत नाही, देणारा ठरवतो. किंबहुना १८० च्या अलीकडे तिला थांबविण्यासाठी त्याला फारशी बुद्धी चालवावी लागणार नाही.

यावरचा उपाय संहितेच्याच पोटात आहे. मालकाने काम न दिल्यामुळे बसून काढलेले दिवस, म्हणजे कामबंदीचे दिवस, १८० च्या मोजणीत धरावेत अशी तरतूद तीत आहे. त्या दिवसांवर रजा साठत नाही इतकेच. प्रसूतिरजेचेही तसेच. ठेकेदाराने माल न दिलेला दिवस हा या अर्थाने कामबंदीचाच दिवस होय, असे राज्याच्या नियमांत एका वाक्याने लिहिता येईल. संहितेतील आस्थापनेची व्याख्या सामान्यतः दहा कामगारांपासून सुरू होते. घरात तर वळणाऱ्या दोघी, मायलेकी. तेव्हा माल पुरविणाऱ्या कारखान्याची आस्थापना हीच त्यांचीही आस्थापना, हेही त्याच नियमांत स्पष्ट व्हावयास हवे. घरी बसून काम करणाऱ्यांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. इतर कामगारांच्या बरोबरीने त्यांना वागवावे हा त्याचा गाभा. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. पण करार न स्वीकारताही नियम करता येतात.

मग राहतो तो पुराव्याचा प्रश्न, आणि व्यवहारात सारे अडते ते येथेच. माल कधी दिला, किती विड्या घेतल्या, किती नापास केल्या, याची नोंद ठेकेदाराच्या वहीत असते आणि वही ठेकेदाराकडे असते. तीच नोंद तारखेसह विडी वळणारीच्या हातातील पुस्तिकेत व्हावी, माल न दिल्याचे दिवसही तीत लिहिले जावेत आणि वर्षअखेरीस त्यावरून रजेचे दिवस मांडले जावेत. अशा पुस्तिकेचा खर्च हजार विड्यांच्या मजुरीहूनही कमी येईल.