जुने दप्तर आणि उसाचा भाव



कोर्टकज्जांच्या जुन्या फायली कशाला सांभाळायच्या, रद्दीत घाला, असे आपल्यातील पुष्कळजण म्हणतात. खोलीभर गठ्ठे, वर धूळ, आत वाळवी. तेव्हा म्हणणाराचेही चुकत नाही. पण त्या गठ्ठ्यांत आपलाच पैसा कसा अडकलेला असतो, ते आम्ही एका दाव्यावरून सांगतो.

ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे केंद्र सरकार उसाचा किमान भाव ठरवीत असे. 1974 साली त्यात कलम 5-अ आले आणि हंगामानंतर जादा भाव देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रातील सहकारी कारखाने शासनाच्या मान्यतेने अंतिम भाव देत. आयकर खाते म्हणाले, किमान भावाच्या वर दिले तो खर्च नव्हे, सभासदांना वाटलेला नफा, कर भरा. कारखाने म्हणाले, ऊस हा आमचा कच्चा माल, त्याची किंमत म्हणजे खर्चच! हे भांडण वर्षानुवर्षे चालले.

कर आकारणी वर्ष 2016-17 पासून कायदा बदलला आणि शासनाने ठरविलेला वा मान्य केलेला भाव खर्चात धरला जाऊ लागला. मागील वर्षांचे घोंगडे मात्र भिजतच राहिले. 5 मार्च 2019 रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जादा भावात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढाच नफा, बाकीचा खर्च. तो अंश शोधायचा कशावरून? तर कारखान्याचे हिशोब, ताळेबंद आणि अंतिम भाव ठरविण्यासाठी राज्य सरकारला दिलेली माहिती पाहून. म्हणजे गाडी पुन्हा दप्तरापाशीच आली!

2023 च्या अर्थसंकल्पाने मागील वर्षांनाही सवलत दिली. सुमारे 10,000 कोटी रुपयांचा हा दिलासा असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पण तो घरबसल्या मिळणारा नव्हता. कारखान्याने अर्ज करायचा, आणि वजावट मिळणार ती शासनमान्य भावापुरतीच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा भाव मान्य होता हे तोंडी सांगून कोण ऐकणार?

कारखान्यात न सापडणारा कागद कित्येकदा वकिलांच्या फायलीत असतो. आकारणीचा आदेश, अपिलाचा मसुदा, निकालाची सहीशिक्क्याची नक्कल, सल्ल्याची पत्रे, सुनावणीची टिपणे असे सारे तिथे एकत्र मिळते. वकील बदलले, संचालक मंडळ बदलले, की नेमकी हीच फाईल गहाळ होते. म्हणून काम संपताच ती यादीनिशी परत घ्यावी, वर्षवार लावावी आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

सभासदांनीही वजनाची पावती, ऊसबिल आणि भागाचा दाखला पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावा. आणि वार्षिक सभेत ताळेबंदाविषयी विचारता, तसे एकदा दप्तराविषयीही विचारावे, ही विनंती.