राहते घर आणि तिचा हक्क (लेखांक ५)

कौटुंबिक हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला आधार देणे म्हणजे तिला त्या घरातून बाहेर काढणे, असे बहुतेक आप्तेष्ट धरून चालतात. जिवाला धोका असेल तेव्हा ते योग्यही असते, परंतु पुढे ती राहणार कोठे, या प्रश्नापाशी बहुतेकांची मदत थांबते. माहेरी चार दिवस पाहुणचार होतो, पाचव्या दिवशी ‘आता जुळवून घे’ सुरू होते, आणि मार खाऊनही पुष्कळजणी परत जातात त्यामागे सोशिकपणापेक्षा डोक्यावरच्या छपराचा हिशोब अधिक असतो. २६ ऑक्टोबर २००६ रोजी अंमलात आलेला ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ नेमक्या या हिशोबाला हात घालतो.

या अधिनियमाच्या कलम १७ नुसार, कौटुंबिक नात्यातील प्रत्येक स्त्रीला ‘सामाईक घरात’ राहण्याचा हक्क आहे. ज्या घरात ती त्या नात्याने राहते किंवा पूर्वी केव्हातरी राहिली आहे ते सामाईक घर होय, मग तिचे नाव करारनाम्यावर असो वा नसो. हा हक्क मालकीचा नव्हे, वास्तव्याचा आहे. त्यामुळे घर विकून वाटा मागता येत नाही, मात्र कायदेशीर प्रक्रियेवाचून तिला बाहेरही काढता येत नाही. पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि विवाहसदृश नात्यात राहिलेली स्त्री यांनाही तो लागू आहे, ही गोष्ट भावाच्या घरात छळ सोसणाऱ्या अविवाहित बहिणींना सहसा कोणी सांगत नाही.

खरा पेच सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घराचा होता. २००६ च्या बत्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने घर पतीच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा त्याचा हिस्सा असलेल्या एकत्र कुटुंबाचे असेल तरच ते सामाईक मानले, आणि फ्लॅट आईच्या नावावर असला की सुनेचा दावा कोसळू लागला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही व्याख्या चुकीची ठरवली, आणि ते उशिराने का होईना, योग्यच झाले. मात्र वास्तव्याला काही स्थैर्य हवे, चार दिवस मुक्काम केलेले प्रत्येक नातेवाइकाचे घर सामाईक ठरत नाही, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांचा स्वस्थतेचा हक्कही तोलून पाहावा, अशा मर्यादा त्याच निकालात आहेत.

कलम १९ खाली दंडाधिकारी निवास आदेश देतात: तिला बाहेर काढण्यास मनाई, पतीला घर सोडण्याचा हुकूम, अथवा त्याच दर्जाच्या दुसऱ्या जागेची किंवा तिच्या भाड्याची सोय. घर सोडण्याचा हुकूम कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. म्हणून छळ सासूकडून होत असेल तर पर्यायी जागेची मागणी व्यवहार्य ठरते. येथे मसुद्याला महत्त्व येते, कारण कलम ३१ मधील एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा २० हजार रुपयांपर्यंतचा दंड ही शिक्षा, कलमाचे शब्द पाहता, संरक्षण आदेशाच्या भंगासाठी आहे. केवळ कलम १९ चा अर्ज केला आणि नवऱ्याने कुलूप बदलले, तर शिक्षेच्या मुद्द्यावरच वाद घालत बसावे लागते; कलम १८ ची, म्हणजे संरक्षण आदेशाची, मागणी त्याच अर्जात जोडावी.

मदत करणाऱ्याचे काम बरेच आधी सुरू होते. त्या पत्त्यावरचे तिचे शिधापत्रिकेतील नाव, आधार कार्ड, गॅसचे पुस्तक, मुलांच्या शाळेच्या नोंदी हा वास्तव्याचा पुरावा असतो, आणि घाईने बाहेर पडलेल्या स्त्रीच्या हाती यातले बहुधा काहीच नसते; म्हणून त्यांच्या प्रती विश्वासातल्या शेजारणीकडे आधीच ठेवाव्यात. परत जायचे, वेगळे राहायचे की थांबायचे, हे मात्र तिनेच ठरवावे. अर्जासाठी जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी साहाय्य करतात, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कोणत्याही स्त्रीला तिच्या उत्पन्नाचा दाखला न मागता मिळतो.