सेल्फ मारल्यानंतरचे दोन सेकंद

सकाळी सेल्फ मारला की डब्यात कोणी खिळे हलवल्यासारखी खर्रर्र ऐकू येते, आणि दोन सेकंदांत सगळं गप्प. नंतर दिवसभर गाडी कितीदाही चालू करा, आवाजाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पुन्हा हजर. याचा हवामानाशी फारसा संबंध नाही. विलेपार्ल्यात ऐन मे महिन्यातही ही खरखर होते. गाडी रात्रभर उभी राहिली आणि वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरलं, की झालं.

दुखणं असं लबाड, की तपासायला रात्रीतून एकच संधी देतं. त्यात आम्ही पार्ले पूर्वेला राहणारे. विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचं पश्चिम टोक हायवेला जवळजवळ येऊन टेकलेलं. समुद्राच्या दिशेने उडालेलं विमान डोक्यावरून जात असताना चावी फिरवली, तर ती सकाळ फुकट गेली म्हणून समजायचं.

सोसायटीतल्या काकांनी गॅलरीतूनच निदान केलं. ‘‘टॅपेट लूज झालेत रे. फीलर गेज घाल आणि आवळ.’’ काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती, इथून जवळच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. तिचे टॅपेट रविवारी सकाळी घरच्या घरी सेट करता यायचे. नट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पत्ती घालून फट मोजायची. काकांचा कान त्यांच्या गाडीपुरता अचूकच होता. पण टॅपेट वरून टकटक करतात आणि रेस वाढवली की टकटकही वाढते. सायलेन्सरच्या पाइपावरचा पत्रा सैल झाला असेल तर तो ठरावीक रेसवर किणकिणतो. पिस्टन ढिला असेल तर ठकठक जड येते आणि इंजिन तापेपर्यंत काही मिनिटं चालते. दोन सेकंदांत संपणारा आवाज यांतल्या कुणाचाच नव्हे.

मुलीच्या हाती चावी दिली. बाही वर सारून, बेल्टपासून लांब राहून, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग चेनच्या कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. खरखर थेट कानात उतरली. तोच स्क्रू ड्रायव्हर पुढच्या सकाळी इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला धरला, तेव्हा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

ही चेन क्रँकशाफ्टची गती वरच्या कॅमशाफ्टला देते. तिला ताणून धरणारा टेन्शनर माझ्या गाडीत ऑइलच्या दाबावर चालतो. एक छोटा दट्ट्या, मागे स्प्रिंग आणि ऑइल. दाब यायला उशीर झाला तर तेवढा वेळ चेन सैल राहून पट्टीवर आपटते. मग दोष टेन्शनरचा की ऑइल उशिरा पोचण्याचा? यावर एक फुकटची परीक्षा आहे. इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तर इंधन बंद राहतं आणि इंजिन नुसतंच फिरतं. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि चार-पाच सेकंद तसं फिरवलं. मग पाय काढून नेहमीसारखी गाडी चालू केली. चूं नाही की चां नाही. म्हणजे ऑइल पोचलं की टेन्शनर आपलं काम चोख करत होता.

संशयाची सुई फिल्टरकडे वळली. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून आत एक रबरी झडप असते. फिल्टर आडवा बसवलेला असेल तर सगळी भिस्त तिच्यावरच. जुना फिल्टर काढून तोंडाकडच्या छोट्या भोकांतून आतलं रबर काडीने दाबून पाहिलं. कडक, आणि एका कडेला मुडपलेलं. नव्याचं मऊ, दाबलं की लगेच पूर्ववत.

बाकीचं काम रोजचंच. इंजिन थोडं कोमट करायचं, गाडी जॅकवर नव्हे तर पक्क्या स्टँडवर टेकवायची, चेंबरचा नट खोलायचा, वायसर नवा घालायचा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळायचा. पाना लावून आवळणाऱ्यांना पुढच्या वेळी तो सोडवताना कळतं. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण थंड इंजिनात जाड ऑइल वर पोचायला उलट जास्त वेळ घेतं. खाली पुठ्ठे मात्र भरपूर अंथरायचे. ऑइलचा एक डाग पडला तर पार्ल्यातल्या सोसायटीत तोंडी कोणी काही बोलत नाही, शुद्ध मराठीत सूचना लागते.

दुसऱ्या दिवसापासून खरखर बंद. ऑइल आधी फिरवूनही ती उरली असती, तर मी पुढे हात घातला नसता. चेन ताणली असेल किंवा टेन्शनर गेला असेल तर टायमिंग कव्हर उतरवावं लागतं, आणि बसवताना दाता चुकला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. ते काम गॅरेजचंच.

जुनं ऑइल गटारात सोडायचं नसतं, म्हणून कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने ते आपल्या पिंपात रिकामं केलं आणि विचारलं, ‘‘फिल्टर ओरिजिनल घेतलात ना साहेब? डुप्लिकेटमध्ये ते रबर नावालाच असतं.’’