तीनशे चाळीस पावलं

वडवणीच्या बसस्टँडच्या फाटकातून बाहेर पडताच भाची पावलं मोजायला लागते. मी बोलत नाही, आकडा चुकेल तिचा. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा आहे. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, दोन शेळ्या आणि सगळ्यांत वर लेकरं. दसरा होऊन बारा दिवस झालेत. तालुक्यातल्या कितीतरी घरांना आता उन्हाळ्यापर्यंत कुलूप राहील, आणि आम्ही मात्र उघडायला एक घर शोधत फिरतोय.

“तीनशे चाळीस,” ती थांबते. “रात्री एवढंच चालायचंय, मामा.”

ती बीडला एका दवाखान्यात परिचारिका आहे. दुपारची पाळी रात्री आठला सुटते आणि एसटी तिला इथं आणून सोडेपर्यंत साडेनऊ-दहा होतात. जावईबापूंची शाळा वडवणीच्या पलीकडे. म्हणून बिऱ्हाड इथं, आणि तेही स्टँडजवळच हवं. सकाळी एक घर पाहिलं, भाडं कमी, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्यात वाचलेले पैसे तिथं रिक्षाला गेले असते. आणि रात्री दहाला रिक्षा मिळेलच, हे कुणी सांगावं?

समोरची इमारत जुनी आहे. खाली गाळे, वर दोन मजले खोल्यांचे. मालक जिन्यात वाट बघत उभे आहेत.

“या पाव्हणं. किल्लारीचा भूकंप झाला तव्हा ही अशीच उभी होती. एक तडा गेला नाही बघा.”

आमच्या भागात घराची ही मोठी साक्ष. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली, तेव्हापासून मराठवाड्यातला माणूस स्लॅबखाली निर्धास्त झोपतो. मीही झोपतो. पण स्लॅबच्या पोटात सळई असते. पाणी तिच्यापर्यंत पोचलं की ती गंजते, गंजली की फुगते, आणि आतून काँक्रीट ढकलत राहते. भूकंपाला पुरून उरलेल्या इमारतीला गळक्या मोरीनं हळूहळू खाल्लेलं मी पाहिलेलं आहे.

म्हणून आधी मोरी. भाची नळ पूर्ण सोडते आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून येते. तिथं पोपडे धरलेत, पण ओल नाही. मी खिशातलं नाणं काढून तुळईखालच्या गिलाव्यावर ठोकत जातो. टणटण, टणटण, मग दारापाशी एकदम डब्‌डब्. तिथं गिलावा सुटलाय. तुळईच्या लांबीनं जाणारी सरळ भेग असती तर मी तिथूनच खाली उतरलो असतो, ती नाही.

यंदाच्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस अक्षरशः कोसळला. पिकं गेली, नद्या गावांत शिरल्या. त्या पावसाचा माग अजून भिंतींवर आहे. खिडकीखाली पिवळा ओघळ, कोपऱ्यात पांढरा खार. आठ दिवसांत दिवाळीचा रंग लागला की हे काहीच दिसणार नाही. भाड्याचं घर पाहावं तर पावसाळ्यानंतर आणि रंगाच्या आधी, हे मी तिला बसमध्येच सांगितलंय. ती ओघळावर तळवा ठेवते, आणि बराच वेळ ठेवते.

मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेलीय.

“पाया काळ्यात हाय का मुरमात?” मी विचारतो.

मालक क्षणभर गप्प राहतात. “पुढं मुरूम लागला. मागं काळीच निघाली. खोल नेला, पण…”

खरं बोलले, हे मला आवडतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचं घर दरसाल थोडं उचलतं, थोडं बसतं. सगळ्याच तिरप्या भेगा वाईट नसतात. वाढणारी भेग वाईट.

जिन्यात वरच्या बिऱ्हाडातल्या बाई भेटतात. भाची त्यांना ताई म्हणते आणि पाच मिनिटांत मालकानं न सांगितलेलं सगळं काढून घेते. मे महिन्यात बोअर आटतं, मग टँकरचे पैसे वाटून. मीटर वेगळं आहे. “टाकीचं झाकण मातर बघून घ्या,” बाई आवाज बारीक करतात. आम्ही गच्चीवर जातो. झाकण फुटलंय, फरशी टाकून वर दगड ठेवलाय. भाची तसं कागदावर लिहिते.

भाडं ऐकून ती माझ्याकडे बघते.

“रेल्वे येतीया ना,” मालक म्हणतात. सतरा सप्टेंबरला बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली, खरंच झाली. कितीतरी वर्षं नुसती ऐकलेली. २६१ किलोमीटरचा हा मार्ग वडवणीवरूनच परळीला जायचा आहे. आनंद मलाही आहे. पण हिला उद्या एसटीनंच जायचंय, मी म्हणतो, भाडंही एसटीचंच धरा. मालक थोडं उतरतात.

“लिहून कशाला? आपलीच माणसं.”

“आपली म्हणूनच लिहू,” मी म्हणतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लेखी करार नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलीय, हेही सांगतो. ते मान डोलावतात.

निघताना भाची पुन्हा मागच्या खोलीत जाते. पर्समधून पेन्सिल काढून भेग जिथं संपते तिथं आडवी रेघ मारते आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख टाकते: १४/१०/२५.

“हे कामून?” मालक विचारतात.

“दिवाळीनंतर येते, काका. तोवर इथं रंग लावू नका. भेग रेघेच्या वर गेली नसली तर सामान आणते. आणि जिन्यातला दिवा तेवढा लावून घ्या.”

“दुसरं गिऱ्हाईक आलं तर?”

“येऊ द्या.”

खाली अंधार पडायला लागलाय. ती परत मोजायला सुरुवात करते, या वेळी मोबाइलचा उजेड न लावता.