पुरुषोत्तमक्षेत्रीचा महाप्रसाद

आषाढ शुद्ध द्वितीयेची रथयात्रा जवळ आली की आपल्याकडील अनेक घरांत जगन्नाथपुरीचे बेत ठरू लागतात. प्रातःकाळी दर्शन, सायंकाळी सागरतीर, दुसऱ्या दिवशी कोणार्क आणि भोजन कोठे तरी भोजनगृहात! अशी यात्रा माझ्या मते अर्धीच घडते.

श्रीमंदिराच्या पाकशाळेत आजही लाकडांच्या अग्नीवर, मातीच्या हंड्या एकीवर एक रचून अन्न शिजते. बटाटा, टोमॅटो, कोबी यांना तेथे मज्जाव आहे. कांदा-लसणीचे नावच नको. जगन्नाथास दाखविलेला नैवेद्य पुढे विमलादेवीस अर्पण होतो आणि तेव्हाच तो 'महाप्रसाद' ठरतो. मग आवारातील आनंदबाजारात भात, डालमा, मोहरीच्या वाटणातील बेसर, गोडसर कनिका असे सारे मोल देऊन घ्यावे आणि भुईवर बसून जेवावे. येथे उच्छिष्टाचा दोष मानीत नाहीत. शेजारच्याची जात कोणी पुसत नाही. सोवळ्यात वाढलेल्या आमच्या पिढीस प्रथम घास अडखळतो खरा. पण पंढरीचा गोपाळकाला ज्याने मुखी घेतला आहे, त्यास हे नवे वाटू नये. तथापि हिंदूंखेरीज इतरांस मंदिरात प्रवेश नाही. त्यांच्यासाठी सिंहद्वारातील पतितपावनाची मूर्ती रस्त्यावरून दिसते. आनंदबाजारातील औदार्य उंबरठ्याशी थबकते, याची रुखरुख मला लागून राहिली आहे.

द्वारासमोरील एकसंध अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, अठराव्या शतकात, तो येथे आणला गेला. मराठी यात्रेकरूने तेथे क्षणभर थांबावे.

समुद्रास येथे महोदधी म्हणतात. लाटांना ओढ फार. स्थानिक नोलियांचा हात धरूनच स्नान करावे. सवड असल्यास चिलिका सरोवर पाहावे. सातपाड्याहून नावेने गेल्यास डॉल्फिन दिसतात, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात.

एक सूचना मात्र ध्यानी असावी. ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानयात्रेनंतर पंधरवडाभर देवांचे दर्शन होत नाही, महाप्रसादही मिळत नाही. परतताना उन्हात वाळविलेल्या प्रसादाच्या भाताची पुडी आणावी. त्यास तेथे निर्माल्य म्हणतात. ओडिया घरांत ते देवघरात जपून ठेवतात आणि अंतकाळी त्याचा कण मुखी घालतात.